बढतीची वेळ

ज्यांत एकही चेंडू प्रत्यक्ष फेंकला जात नाहीं व एकही दांडू प्रत्यक्ष उचलला जात नाहीं, असा बेसबॉलचा एक खेळ संगणकावर खेळतात. त्याच्या अनेक प्रकारांत १९९९ पासून चालत आलेला ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा विशेष प्रसिद्ध आहे. यांत खेळणारा हा खेळाडू नसून संघाचा कारभारी असतो. कोणास घ्यावें, कोणास खालच्या संघांत ठेवावें आणि कोणास वर आणावें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. बाकी सारें यंत्र गणितानें ठरवितें. अशा करमणुकीसाठीं वाङ्मयाच्या मासिकानें पानें कां खर्चावीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, होतकरू पिचरला बढती केव्हां द्यावी, हा या खेळांत नित्य उपस्थित होणारा प्रश्न केवळ खेळापुरता नाहीं. त्याचीं जीं दोन उत्तरें आज प्रचारांत आहेत, तीं दोन्ही आम्हांस चुकीचीं वाटतात. त्यांचा समाचार घेणें हाच या लेखाचा हेतु आहे.

पिचर म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजाचा दूरचा भाऊबंद. अमेरिकेंत अशा मुलास सहसा एकदम मोठ्या लीगमध्यें आणीत नाहींत; ए, डबल ए, ट्रिपल ए अशा मायनर लीगच्या पायऱ्या त्यास चढाव्या लागतात. संगणकाच्या खेळांतही याच पायऱ्या आहेत. तेथें प्रत्येक पिचरच्या नांवापुढें त्याच्या चेंडूची धार, चेंडूची चाल व नेम यांचे आंकडे मांडलेले असतात, आणि तेही दुहेरी : एक आजच्या कुवतीचा व दुसरा उद्यांच्या संभाव्य कुवतीचा. यांतील दुसरा आंकडा म्हणजे पारख्याचा केवळ अंदाज होय, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

पहिला पक्ष घाईवाल्यांचा. यांचें म्हणणें असें कीं, खालच्या लीगमध्यें ज्याच्यावर धावा होत नाहींत तो वर जाण्यास लायक झाला. पण धावा न होणें हें एकट्या पिचरचें कर्तृत्व नव्हे. त्याच्या मागें उभे असलेले क्षेत्ररक्षक, मैदानाची लांबीरुंदी, समोरचे कच्चे फलंदाज आणि निव्वळ दैव यांचा त्यांत मोठा वांटा असतो. त्याचा स्वतःचा हात पाहावयाचा तर त्यानें किती फलंदाजांस स्ट्राइकआउट केलें आणि किती जणांस वॉक देऊन फुकट पहिल्या बेसवर जाऊं दिलें, हें ताडून पाहिलें पाहिजे. त्याच्या पोतडींत चेंडूचे प्रकार किती आहेत हेंही पाहिलें पाहिजे. दोनच प्रकार जाणणारा पिचर फलंदाजांस पहिल्या भेटींत चकवितो; तेच फलंदाज त्याच दिवशीं तिसऱ्यांदा समोर आले म्हणजे त्याचें बिंग बाहेर पडतें. खालच्या लीगमध्यें हें व्यंग झांकून जातें, वरच्या लीगमध्यें जात नाहीं.

घाईचें फळ काय, हें पाहण्यास संगणकाची गरज नाहीं. १९७३ च्या जून महिन्यांत टेक्सास रेंजर्स संघानें डेव्हिड क्लाइड या अठरा वर्षांच्या मुलास निवडीच्या पहिल्याच क्रमांकावर घेतलें आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस, मायनर लीगची एकही पायरी न चढवितां, मोठ्या लीगच्या मैदानावर उभें केलें. त्या रात्रीं ३५,००० हून अधिक लोकांनीं तिकिटें काढलीं. मुलानें पांच डावांत आठ जणांस स्ट्राइकआउट केलें व सामनाही जिंकला. पण सात वॉकही दिले. उघड्या डोळ्यांस ते सात वॉक दिसावयास हवे होते. दोन सामन्यांनंतर त्यास खालीं धाडण्याचा बेत होता, तो तिकिटांच्या पैशापुढें टिकला नाहीं. १९७९ मध्यें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो मोठ्या लीगमधून कायमचा बाहेर पडला तेव्हां त्याच्या नांवावर १८ विजय व ३३ पराजय होते.

यावर घाईवाले ड्वाइट गुडनचें नांव पुढें करतील. एकोणीस वर्षांचा गुडन १९८४ मध्यें न्यूयॉर्क मेट्स संघांत आला आणि त्यानें १७ सामने जिंकून २७६ स्ट्राइकआउट मिळविले, हें खरें आहे. पण आदल्याच वर्षीं लिंचबर्गच्या ए लीग संघाकडून १९१ डाव फेंकून त्यानें ३०० स्ट्राइकआउट मिळविले होते, हें हे लोक सोयीस्करपणें विसरतात. त्या पायरीवर त्यास शिकविण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. गुडनला वर आणलें तें त्याचें शिक्षण त्या पायरीवर संपलें म्हणून. क्लाइडला वर आणलें तें गल्ला भरावा म्हणून. वयें जवळजवळ सारखीं असलीं तरी न्याय एक नव्हे.

दुसरा पक्ष घड्याळवाल्यांचा. हे स्वतःस मोठे धोरणी समजतात, म्हणून यांचा समाचार अधिक कठोरपणें घेतला पाहिजे. मोठ्या लीगमधील सेवेचे १७२ दिवस भरले म्हणजे एक वर्ष धरतात, आणि अशीं सहा वर्षें भरलीं म्हणजे खेळाडू मोकळा होऊन हव्या त्या संघाशीं करार करूं शकतो. तेव्हां तयार झालेला मुलगा हंगामाच्या आरंभीं कांहीं दिवस खालींच अडकवून ठेविला तर तो आणखी एक वर्ष आपल्या दावणीस राहतो, असा यांचा हिशेब. २०१५ मध्यें शिकागो कब्ज संघाच्या क्रिस ब्रायंट या फलंदाजाचे नेमके १७१ दिवस भरले. त्यानें केलेली तक्रार २०२० मध्यें लवादानें फेटाळली. संगणकाच्या खेळांत तर हें अडकवणें शहाणपणाचा कळस मानलें जातें, आणि त्यास ‘मुलाची काळजी’ असें गोंडस नांवही देतात.

आमचा आक्षेप असा कीं, ही काळजी मुलाची नसून तिजोरीची आहे. पिकलेला आंबा भाव चढेल म्हणून आढींत दाबून ठेवणाऱ्यानें आपण आंब्याची जोपासना करतों असें म्हणूं नये. शिवाय हा हिशेब नेहमीं साधतोच असें नाहीं. २०२२ च्या करारानें असा नियम केला कीं, वर्षांतील उत्तम नवोदिताच्या निवडींत जो पहिल्या दोघांत येईल त्यास पूर्ण वर्षाची सेवा मिळावी. पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ रोजीं पहिला सामना खेळला, त्या निवडींत पहिला आला आणि मे महिन्यांत येऊनही पूर्ण वर्ष मिळवून बसला. इतकेंच नव्हे, तर ज्या पायरीवर कस लागत नाहीं तेथें कोंडलेल्या मुलाची वाढ खुंटते. दिवस वांचविण्याच्या नादांत ज्यासाठीं ते वांचवावयाचे तो हातच बोथट होतो.

मग वेळ कोणती? आमचें मत असें : ज्या पायरीवर मुलगा आहे तेथील फलंदाज त्यास कांहीं शिकवूं शकत नाहींत, त्याचा तिसरा चेंडू भरंवशाचा झाला आहे, हंगामभर फेंकण्याचा सराव त्याच्या खांद्यास झाला आहे, आणि वर त्यास नियमानें फेंकावयास मिळेल अशी जागा रिकामी आहे, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे एक दिवसही दवडूं नये, आणि न जुळल्या तर एक दिवसही घाई करूं नये. चवथी गोष्ट क्षुल्लक मानूं नका. सँडी कूफॅक्सला चार हजार डॉलरांहून अधिक बक्षीस देऊन करारबद्ध केल्यामुळें, तेव्हांच्या नियमानुसार त्यास दोन वर्षें मोठ्याच संघांत ठेवणें भाग होतें. १९५५ च्या सबंध हंगामांत त्यास ४२ डावही पुरते फेंकावयास मिळाले नाहींत, आणि त्याची खरी थोरवी दिसावयास १९६१ साल उजाडावें लागलें. बांकावर बसवून पिचर घडत नाहीं.

हा सारा खेळ कल्पित आहे, त्यांतील मुलांस ना खांदा ना पोट, असें म्हणून कोणी आम्हांस हंसेल. पण खेळांत जडलेली दृष्टि खेळ संपतांच गळून पडत नाहीं. पिचरचा खांदा निखळला कीं जपून ठेविलेला जुना डाव पुन्हां उघडून तो दिवस पुसून टाकणारे, आणि पारख्याची चूक नको म्हणून अंदाज अचूक दिसण्याची सोय करून घेणारे खेळाडू थोडे नाहींत. ते निर्णयाचा आनंद घेतात, पण निर्णयाची जोखीम घेत नाहींत. अशी संवय लागलेला मनुष्य उद्यां शाळेंत, कचेरींत किंवा कारखान्यांत खऱ्या तरुणांच्या बढतीचा निवाडा करावयास बसला, तर तो त्यांच्या तयारीकडे पाहील, कीं तिकिटांकडे आणि दिवसांकडे?

क्लाइडच्या कथेचा शेवट येथें सांगणें प्राप्त आहे. त्या काळीं निवृत्तिवेतनासाठीं चार वर्षांची सेवा लागे. त्यांत त्यास ३७ दिवस कमी पडले. घाईनें ज्यास वर नेलें, त्यालाच शेवटीं दिनदर्शिकेनें बाहेर ठेविलें. आमचे घाईवाले आणि घड्याळवाले मित्र एकमेकांचे शत्रु म्हणून मिरवितात. पण मुलाच्या हाताकडे न पाहण्यांत त्यांचें एकमत आहे, आणि आमचें भांडण आहे तें त्या एकमताशीं.