प्रश्न दराचा की भांडवलाच्या मोकाट संचाराचा?

चलनाचा विनिमय दर स्थिर असावा की तरता, यावर अर्थपंडितांचा खल गेली पन्नास वर्षे चालू आहे. विकसनशील देशांचा अनुभव पाहिला तर हा प्रश्नच अपुरा वाटतो. दर कसा ठरतो यापेक्षा परकीय भांडवलाला देशात शिरण्याची आणि पळून जाण्याची मोकळीक किती आहे, हे अधिक निर्णायक ठरले आहे.

ब्रेटन वुड्सच्या १९४४ च्या करारानुसार डॉलर सोन्याशी व इतर चलने डॉलरशी बांधली गेली. नवस्वतंत्र देशांना त्याच चौकटीत शिरावे लागले. त्या काळातील स्थैर्यही फारसे स्वायत्त नव्हते: ६ जून १९६६ रोजी जागतिक बँक व नाणेनिधी यांच्या दडपणाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. पुढे १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि सर्व व्यवस्थेचा आधारस्तंभच ढासळला. भारताने १९७५ साली रुपया अनेक चलनांच्या समूहाशी जोडला. मार्च १९९३ मध्ये तो बाजाराच्या स्वाधीन केला.

थायलंडने मात्र स्थिर दर सोडला नाही. डॉलरमागे सुमारे २५ बाथ हा दर वर्षानुवर्षे कायम होता, आणि सावकारांना ती जणू सरकारी हमीच वाटली. १९९३ साली परकीय कर्जांसाठी बँकॉकमध्ये खास बँकिंग सोय उभारण्यात आली. अल्पमुदतीच्या डॉलर-कर्जांचा लोंढा जमिनी आणि इमारतींच्या सट्ट्यात शिरला. गंगाजळी आटली तेव्हा, २ जुलै १९९७ रोजी, बाथ तरता सोडावा लागला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये इंडोनेशियाने आपले चलन तरते केले. त्यानेही बचाव झाला नाही. नाणेनिधीशी झालेल्या करारानुसार मे १९९८ मध्ये इंधनाचे भाव वाढवले गेले, शहरे पेटली आणि २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले.

मलेशियाने वेगळी वाट धरली. सप्टेंबर १९९८ मध्ये रिंगिटचा देशाबाहेरील व्यापार थांबवण्यात आला, परकीय भागभांडवल वर्षभर बाहेर नेण्यास मनाई झाली, डॉलरचा दर ३.८० रिंगिट ठरला. पाश्चात्य वित्तवर्तुळांत धिक्कार झाला. तरी व्याजदर खाली आणता आले, नाणेनिधीचे कर्ज घ्यावे लागले नाही आणि हा दर जुलै २००५ पर्यंत टिकला. महातीर महंमद कामगारांचे कैवारी नव्हते. त्याच दिवसांत त्यांनी आपल्या उपपंतप्रधानांनाही बडतर्फ केले. कोरिया नाणेनिधीच्या मार्गाने सावरला हेही नाकारता येत नाही, पण त्याची किंमत तेथील कामगारांनी बेकारीने मोजली.

आणि आपल्याकडे? तारापोर समितीने रुपयाची भांडवली खात्यावरील पूर्ण परिवर्तनीयता तीन वर्षांत आणण्याची शिफारस केली, ती मे १९९७ च्या अखेरीस. पुढच्याच महिन्यानंतर बाथ कोसळला आणि अहवाल बासनात गेला. २००६ साली त्याच तारापोरांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली गेली. पूर्ण परिवर्तनीयता आजही आलेली नाही. बंधने मात्र एकेक करून सैल होत आली आहेत.