विश्लेषण : भाड्यातून खरेच हप्ता फिटतो का? दुसरा फ्लॅट घेण्याआधीचे गणित

‘एक फ्लॅट घेऊन ठेव, भाडेकरूच हप्ता फेडेल,’ हा सल्ला नोकरीत चार-पाच वर्षे स्थिरावलेल्या जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी देतोच. कधी घरातले काका, कधी ऑफिसमधला सहकारी, तर कधी बिल्डरच्या विक्री कार्यालयातला माणूस. प्रत्यक्षात भाडे हातात किती पडते आणि करार कच्चा असेल तर काय होते, हे बहुतेकांना फ्लॅट घेतल्यावरच कळते.

खर्च वजा जाता भाडे किती उरते?

समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये ६० लाखांचा तयार फ्लॅट घेतला. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार. (महिलेच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.) म्हणजे गुंतवणूक झाली साडेचौसष्ट लाखांची.

भाडे धरू महिना १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. आता वजाबाकी :

– दोन भाडेकरूंच्या मध्ये एक महिना घर रिकामे : १८ हजार
– सोसायटीचे देखभाल शुल्क, महिना अडीच हजार : ३० हजार
– मालमत्ता कर : १० हजार
– एजंटची दलाली, एक महिन्याचे भाडे : १८ हजार
– रंगकाम, नळ, गिझर, किरकोळ दुरुस्ती : २० हजार

हाती उरले १ लाख २० हजार, म्हणजे महिना १० हजार. एकूण गुंतवणुकीवर हा परतावा दोन टक्क्यांपेक्षाही कमी आहे. जाहिरातीत दाखवला जातो तो खर्च वजा न करता काढलेला आकडा.

मग हप्ता कोण भरतो?

४५ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे ३९ हजार रुपये येतो. भाड्यातून १० हजार आले, तरी उरलेले २९ हजार पगारातूनच जातात. शिवाय सुरुवातीचे साडेएकोणीस लाख खिशातून गेलेले असतात ते वेगळेच. भाडेकरू हप्त्याचा जेमतेम चौथा हिस्सा फेडतो. बाकीचा सगळा भरवसा पुढे किंमत वाढण्यावर असतो, आणि ती किती वाढेल याची हमी कुणी देत नाही.

प्राप्तिकरात किती सूट मिळते?

मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तीही पावत्या न दाखवता. त्यानंतर कर्जाचे व्याज वजा करता येते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याजच पावणेचार लाखांच्या पुढे जाते, म्हणजे कागदोपत्री तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत यातला जास्तीत जास्त २ लाखांपर्यंतचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही. ‘टॅक्स वाचेल’ म्हणून फ्लॅट घेणाऱ्याने आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे आधी पाहायला हवे.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही?

हा सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. कालावधी ११ महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर येते.

याउलट करार पक्का असेल, तर कलम २४ मालकाच्या बाजूने उभे राहते. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. वरच्या उदाहरणात ५० हजार अनामत धरली, तर मुद्रांक शुल्क जेमतेम ५०० रुपयांच्या घरात जाते आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १ हजार रुपये आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही टाळू नये.

सोसायटी किती पैसे मागू शकते?

घर भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम आकारता येत नाही आणि त्या हिशेबात पालिकेचे कर धरले जात नाहीत. बिलात वेगळाच आकडा दिसला, तर लेखी खुलासा मागावा.

घ्यायचाच असेल तर?

त्या इमारतीत आज प्रत्यक्ष भाडे किती मिळते, हे बिल्डरला नव्हे, तिथल्या दोन-तीन भाडेकरूंना विचारावे. किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवावी, कारण घर रिकामे राहिले तरी बँक थांबत नाही. अनामत रक्कम उत्पन्न समजून खर्च करू नये; ती परत करायची असते. घर देताना भिंती, फिटिंग आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो दोघांकडे असावेत. निघताना होणारे निम्मे वाद तिथेच मिटतात.

भाड्याचे सगळे पैसे बुडाले, तरी हप्ता पगारातून भरता येईल का? याचे उत्तर ‘हो’ असेल, तरच टोकन द्यावे.