डिलीट मारताय? जरा थांबा!

मंडळी, नकाशाच्या टेबलावर स्क्रिप्ट फिरवून "झालं अपडेट!" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

उदाहरण घरचंच घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, वाडा वगैरे ८ तालुके तिकडे गेले. आपला हुशार इंजिनियर काय करतो? पायथनमध्ये अपडेट कर्सर उघडतो, ८ ओळींत जिल्ह्याचं नाव बदलतो, ठाण्याची जुनी सीमा उडवून नवी टाकतो. पाच मिनिटांत काम खल्लास!

आणि २०११ च्या जनगणनेचं काय हो? त्यातलं ठाणं १ कोटी १० लाखांचं, पालघर धरून. आता तोच आकडा निम्म्याहून लहान झालेल्या ठाण्याला जाऊन चिकटतो नि लोकसंख्येची घनता दुपटीच्या वर दिसते. एरर काही येत नाही, हीच तर खरी गोची!

जुनी ओळ पुसायचीच कशाला? 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन कॉलम ठेवा. जुन्या ओळीत शेवटची तारीख भरा, नवी ओळ वेगळी घाला. "टेबल फुगेल" म्हणे! अहो, जिल्हे सगळे मिळून ३६. सातबाऱ्यावरसुद्धा जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो, फेरफार क्रमांक पडतो. कागदाला जे जमतं ते आपल्या डेटाबेसला जमू नये?

आणि तरीही डिलीट मारायचंच असेल, तर आधी बिगिन लिहा, किती ओळी उडाल्या ते मोजा, मगच कमिट करा. एवढं तरी कराल ना?