विजय कोणाचा, मोबदला कोणाला?

अमेरिकन फुटबॉलच्या २०१९च्या हंगामात लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले. १३ जानेवारी २०२० रोजी क्लेमसनवर ४२–२५ अशी मात करून त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. लगेच प्रशिक्षकांशी सहा वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. खेळाडूंना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे वेतन घेण्यास मज्जाव होता. कारण ते ‘विद्यार्थी’!

सर्व विद्यापीठांनी संगनमताने श्रमाचे मोल गोठवावे, याला अर्थशास्त्र हौस म्हणत नाही, मक्तेदारी म्हणते. २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या. २०२५ पासून विद्यापीठे थेट मोबदलाही देऊ लागली. पैशाने खेळ नासेल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु खेळाच्या पावित्र्याची किंमत एकट्या खेळाडूनेच का मोजावी?