संदर्भटिपा आणि आवृत्तीचा प्रश्न

संदर्भटिपांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा विरामचिन्हांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत की ठळक, प्रकाशनवर्ष कंसात की अखेरीस, टिपा पानाच्या तळाशी की प्रकरणाच्या शेवटी, या प्रश्नांवर मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे बरेच तास खर्ची पडतात. एकरूपता हवीच, तिच्याविषयी वाद नाही. परंतु टीप कशासाठी द्यावयाची, हा मूळ प्रश्न या खटाटोपात मागे राहतो. ज्या मजकुराच्या आधारे आपण विधान केले, तो मजकूर वाचकाला नेमका सापडावा आणि विधान त्यावर उभे राहते की नाही हे त्याला स्वतः तपासता यावे, यासाठी टीप असते. या कसोटीवर पाहिले, तर निर्दोष स्वल्पविरामांची टीपही निरुपयोगी ठरू शकते.

आज मराठी विभागांतून इंग्रजी अभ्यासासाठी किंवा सामाजिक शास्त्रांसाठी तयार झालेल्या एमएलए व एपीए या पद्धती जशाच्या तशा स्वीकारल्या जातात. आधुनिक ग्रंथांपुरत्या त्या उपयोगी आहेत. अडचण येते ती आपल्या वाङ्मयाच्या विशिष्ट स्वरूपामुळे. लेखकनाम आणि वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीने तुकारामांचा अभंग उद्धृत केला, की ‘(तुकाराम, १९५०)’ अशी नोंद तयार होते. सतराव्या शतकातील कवीपुढे विसाव्या शतकातील शासकीय प्रकाशनाचे वर्ष येते आणि ज्यांनी संहिता सिद्ध केली, त्या संपादकांचे नाव मात्र नाहीसे होते. नियम पाळला जातो, पण माहिती हरवते.

प्राचीन मराठी ग्रंथांच्या बाबतीत आवृत्ती हाच संदर्भाचा गाभा आहे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली तुकारामांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ या वर्षी दोन भागांत निघाली. तिच्यातील अभंगक्रमांक विष्णुबुवा जोगांच्या सार्थ गाथेत किंवा इतर सांप्रदायिक गाथांत जुळत नाहीत. तेव्हा ‘तुकाराम गाथा, अभंग अमुक’ एवढ्याच टिपेने वाचकाला काय सापडणार? ‘लीळाचरित्रा’ची स्थितीही अशीच. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांतील लीळांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, पाठही ठिकठिकाणी निराळे आहेत. केवळ ‘लीळा क्र.’ म्हणणे म्हणजे गावाचे नाव न सांगता घरक्रमांक सांगणे होय.

हा प्रश्न केवळ शोधण्याच्या सोयीचा नाही, निष्कर्षाचाही आहे. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मधील आणि एकनाथांनी केलेले तिचे शुद्धीकरण शके १५०६ मधील. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली आपली प्रत प्रसिद्ध केली, ती एकनाथपूर्व असल्याच्या दाव्यानिशी. आता एखाद्या अभ्यासकाने ज्ञानेश्वरकालीन विभक्तिप्रत्ययांविषयी विधान केले आणि त्याचे दाखले बाजारात सहज मिळणाऱ्या सार्थ आवृत्तीतून घेतले, तर तो तेराव्या शतकाविषयी बोलत आहे, की सोळाव्या शतकाविषयी, की विसाव्या शतकातील मुद्रकाने सुलभ केलेल्या लेखनाविषयी? आवृत्तीचा निर्देश असेल तर वाचक हा प्रश्न विचारू तरी शकतो. निर्देश नसेल तर प्रश्नच दडपला जातो.

कालनिर्देशाचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी ग्रंथांवर शकवर्ष असते. त्यात ७८ मिळवून इसवी सन लिहून टाकण्याची सवय सर्वत्र आहे. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शके १८१२च्या माघात छापलेले पुस्तक १८९१ सालचे असते, १८९० सालचे नव्हे. म्हणून मुखपृष्ठावर जे वर्ष छापले आहे ते आधी द्यावे आणि इसवी सन चौकटी कंसात, आपली भर म्हणून द्यावा. नियतकालिकात आधी येऊन नंतर संग्रहात समाविष्ट झालेल्या लेखाची दोन्ही वर्षे द्यावीत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. त्यातील लेखाचा केवळ पुढील काळातील संग्रहावरून निर्देश केला, तर वाङ्मयीन वादांचा कालक्रमच उलटसुलट होतो.

ग्रंथकारनामाविषयी एकच नियम पुरेसा आहे: पुस्तकावर जे नाव आहे ते द्यावे आणि सूचीत परस्परनिर्देश ठेवावा. कवितासंग्रह ‘आरती प्रभू’ यांचा आणि कादंबरी ‘चिं. त्र्यं. खानोलकर’ यांची; कविता ‘कुसुमाग्रजां’ची आणि नाटक ‘वि. वा. शिरवाडकरां’चे. ही दोन नावे संशोधकाने आपल्या सोयीसाठी एकत्र केली, की लेखकाने केलेली निवड पुसली जाते. विभावरी शिरूरकर या नावामागे तर तत्कालीन समाजात स्त्रीने लिहिण्याचा सारा इतिहास उभा आहे. सूचीत थेट ‘बेडेकर, मालती’ एवढेच लिहिले, तर तो इतिहास वाचकाला दिसत नाही.

सर्वांत गंभीर बाब मात्र न पाहिलेल्या संदर्भांची आहे. ‘विविधज्ञानविस्तारा’च्या एखाद्या अंकातील उतारा अभ्यासक दुसऱ्याच्या ग्रंथात वाचतो, टीप मात्र थेट मूळ अंकाची देतो. मधल्या ग्रंथकाराकडून पृष्ठांक चुकला असेल, उताऱ्यातील एखादे वाक्य गळले असेल, तर ती चूक एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात वारसाहक्काने जात राहते. आणि टिपांची संख्या जितकी वाढते तितकी ती अधिक प्रमाणभूत भासते. यावर उपाय साधा आहे. मूळ पाहिले नसेल तर ‘उद्धृत’ असे लिहून मधल्या ग्रंथाचा पूर्ण निर्देश करावा. त्यात कमीपणा नाही. जुन्या नियतकालिकांच्या फाइली सर्वांनाच उपलब्ध नसतात, हे परीक्षकही जाणतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनंतर प्रबंधांची साधर्म्यतपासणी संगणकावर होऊ लागली आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य दंडनीय नाही, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ झाले. मजकूर उचलण्याला त्यामुळे काही आळा बसत असेल, तर ते इष्टच आहे. परंतु या तपासणीतून संदर्भसूची वगळली जाते. शब्द कोणाशी जुळतात, एवढे यंत्र सांगते. टीप खरी आहे की नाही, हे ते सांगत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मराठी मजकूर तर त्याला नीट वाचताही येत नाही. तेव्हा संदर्भाच्या सचोटीची जबाबदारी पुन्हा आपल्याकडेच, म्हणजे मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्याकडेच येते.

या दृष्टीने दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या वाङ्मयाला अनुरूप असे एक-दोन पानांचे संदर्भपत्रक तयार करावे. त्यात प्राचीन ग्रंथांच्या कोणत्या आवृत्त्या प्रमाण धरावयाच्या, शकवर्ष कसे द्यावयाचे, टोपणनावांची नोंद कशी करावयाची आणि सूचीत ‘क्ष’, ‘ज्ञ’ व ‘ळ’ यांचा क्रम कोणता, एवढे सांगितले तरी पुरे. ‘तत्रैव’चा वापर मात्र त्यात टाळावा, संगणकावर मध्येच एक टीप वाढली, की पुढचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. दुसरी गोष्ट मौखिक परीक्षेविषयी. परीक्षकांनी प्रबंधातील कोणत्याही तीन टिपा निवडाव्यात आणि ते तीन ग्रंथ किंवा संबंधित पृष्ठांच्या छायाप्रती विद्यार्थ्याला सोबत आणावयास सांगाव्यात. पाने उघडावीत, उतारा प्रबंधाशी ताडून पाहावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. आणि ते होणार आहे हे आधी ठाऊक असले, तर प्रबंधातील उरलेल्या टिपाही विद्यार्थी ग्रंथ समोर ठेवूनच लिहील.