संकेतस्थळांवरील तोतये

पुणेकरांस तोतया या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. १७६१ च्या जानेवारींत सदाशिवरावभाऊ पानिपतच्या रणांगणावर पडले, आणि कांहीं वर्षांनीं ‘भाऊ तो मीच’ असें म्हणणारा एक इसम पुढें आला. त्यास कैदेंत टाकण्यांत आलें. तरीही १७७६ सालीं रत्नागिरीच्या बंदींतून तो मोकळा झाला, हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं, कोंकणांतील कित्येक किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि अखेर त्याच वर्षाच्या शेवटीं पुण्यास आणून त्याला देहदंड देण्यांत आला. एवढीं माणसें फसलीं कशीं? चेहरा भाऊंसारखा होता, आणि भाऊ जिवंत असावे अशी पुष्कळांची मनांतून इच्छा होती. ज्यांनीं चेहरा पाहिला ते फसले. हा कोण, कोठला, याचा छडा ज्यांनीं लावला त्यांस तो एक कनोजा ब्राह्मण असल्याचें कळून आलें.

आजचा तोतया निशाण घेऊन येत नाहीं. तो घरोघरच्या मोबाईलच्या पडद्यावर येतो. पण त्याची रीत तीच आहे. २०२५ सालचेंच उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या वाहनांस एचएसआरपी नंबरप्लेट बसवून घ्यावी, असें राज्याच्या परिवहन खात्यानें फर्माविलें. मुदत आरंभीं मार्चअखेरची होती. ती त्याच वर्षीं पुनःपुन्हां वाढवावी लागली. आमच्या या दुचाक्यांच्या शहरांत तर घरटी एक दोन पाट्यांचा प्रश्न होता. पैसे ऑनलाइन भरावयाचे, दुचाकीस ४५० रुपये व त्यावर कर. लोकांस दंडाची धास्ती होती, आणि नेमक्या त्या घाईंत हुबेहूब दिसणारीं खोटीं संकेतस्थळें उभीं राहिलीं. खात्यास पोलिसांकडे तक्रार करावी लागली व नागरिकांस सावध करावें लागलें. रक्कम लहान, काम सरकारी, मुदत तोंडावर. अशा वेळीं मनुष्य बारकाईनें पाहत नाहीं, आणि तोतयास एवढेंच हवें असतें.

मग पाहावें काय? आमच्या मतें प्रथम नांव पाहावें, आणि तें उजवीकडून पाहावें. टपालाच्या पाकिटावर घर, गल्ली, पेठ आणि शेवटीं गांव लिहितात. पत्र कोठें जावयाचें तें गांवाचें नांव ठरवितें. संकेतस्थळाच्या नांवाचेंही तसेंच आहे. आरंभीं ‘एचटीटीपीएस’ पुढें ज्या दोन तिरप्या रेघा येतात त्या सोडून द्याव्या, आणि त्यानंतरची पहिली तिरपी रेघ येण्यापूर्वीं जो शेवटचा भाग असेल तो वाचावा. तोच त्या नांवाचें कूळ सांगतो. ‘ट्रान्सपोर्ट.महाराष्ट्र.गव्ह.इन’ हें परिवहन खात्याचें नांव. त्याच्या शेवटीं ‘गव्ह.इन’ आहे, आणि हें कूळ भारतांत सरकारी संस्थांवांचून दुसऱ्या कोणास मिळत नाहीं. आतां समजा, कोणी ‘महाराष्ट्र-गव्ह-इन.कॉम’ असें नांव घेतलें. शब्द सारे ओळखीचे, परंतु शेवट ‘कॉम’! असलें नांव थोडे पैसे टाकून कोणासही विकत घेतां येतें. टपरीवर ‘शनिवारवाडा’ अशी पाटी लावल्यानें तिचा वाडा होत नाहीं.

येथें एका जुन्या उपदेशाचा समाचार घेणें अवश्य आहे. ‘कुलपाचें चिन्ह दिसलें कीं संकेतस्थळ सुरक्षित’ असें अजूनही कित्येक व्याख्यानांतून ऐकूं येतें. कुलूप एवढेंच सांगतें कीं, तुमच्या यंत्रापासून त्या स्थळापर्यंतच्या वाटेंत तुमचें लिखाण तिऱ्हाइतास वाचतां येणार नाहीं. पलीकडे बसलेला गृहस्थ सज्जन आहे कीं भामटा, याविषयीं तें कांहींच बोलत नाहीं. लाखेनें मोहोरबंद केलेलें पाकीट भामट्याच्याच पत्त्यावर टाकलें, तर लाख बिचारी काय करणार? कुलपासाठीं लागणारें प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नांवाची संस्था २०१५ पासून फुकट देत आहे, आणि तें चोरासही मिळतें. गूगलनें तर २०२३ सालीं आपल्या क्रोममधून तें चित्र काढूनच टाकलें, कारण लोक त्याचा अर्थ ‘विश्वासू’ असा करूं लागले होते. जेथें ब्राउझर स्वतःच ‘असुरक्षित’ असा इशारा देतो तेथें कांहीं भरूं नये, हें खरें. पण इशारा नाहीं म्हणून निर्धास्त होणें हा निराळाच तर्क झाला.

अशुद्ध भाषेवरून खोटें ओळखावें, हाही उपदेश आतां निकामी झाला आहे. यंत्रें हल्लीं नीटनेटकी मराठी लिहितात. खऱ्या सरकारी सूचनांत ऱ्हस्वदीर्घाचे दोष आणि खोट्या संकेतस्थळावर निर्दोष परिच्छेद, असा प्रकार पाहून मराठीच्या शिक्षकानें हंसावें कीं रडावें?

बरें, ‘गव्ह.इन’ पाहावें एवढ्यानेंही भागत नाहीं. नंबरप्लेटीचें काम शासनानें तीन खाजगी कंपन्यांस वांटून दिलें होतें, आणि ज्या स्थळांवर पैसे भरावयाचे तीं ‘गव्ह.इन’ कुळांतलीं नव्हतीं. म्हणजे ज्यानें ‘गव्ह.इन नाहीं तें खोटें’ असा नियम पाठ केला, त्याला खरेंच स्थळ खोटें वाटलें असतें! त्याच वर्षीं अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्यास लागू झाला. त्याचेंही अधिकृत संकेतस्थळ त्या कुळांतलें नव्हतें. दहावीच्या मुलांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

म्हणून नांवाच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा: या दाराशीं मला कोणीं आणिलें? परिवहन खात्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन तेथें दिलेल्या दुव्यावरून कंपनीच्या स्थळीं गेलेला मनुष्य सहसा फसत नाहीं. गूगलवर शोध करून सर्वांत वरचें नांव दाबणारा फसूं शकतो, कारण वरचीं नांवें पुष्कळदां पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. त्यांवर ‘प्रायोजित’ असें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. आणि व्हॉट्सॲपच्या कुटुंबमंडळांत आलेल्या दुव्याविषयीं काय सांगावें! मावशीनें पाठविलें म्हणून विश्वास ठेवावयाचा तर मावशीवर जरूर ठेवावा. पण तो दुवा मूळचा कोणाचा, हें तिला तरी कोठें ठाऊक असतें?

परंतु सर्व भार नागरिकाच्याच डोक्यावर कां? रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं बँकांस हुकूम केला कीं, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलीं संकेतस्थळें ‘बँक.इन’ या कुळांत आणावीं; हें कूळ बँकांवांचून इतरांस मिळत नाहीं. आम्हांस हा मार्ग योग्य वाटतो. ओळख पटविण्याचें काम जो सेवा देतो त्यानें करावें. पटली कीं नाहीं एवढें पाहणें ग्राहकाचें काम. मग शासन ज्या कंपनीस आपलें काम देतें, तिला त्या कामापुरतें ‘गव्ह.इन’ कुळांतील नांव वापरावयास लावणें इतकें कठीण आहे काय? शाळांनींही आपापल्यापरी हें करावें. फी भरण्याच्या स्थळाचा पूर्ण पत्ता मुलांच्या दैनंदिनींत छापून द्यावा, म्हणजे पालकांस तो व्हॉट्सॲपवर हुडकीत बसावें लागणार नाहीं.

तोतयाची आणखी एक खूण म्हणजे घाई. २०२२ च्या सुमारास ‘आज रात्रीं ९.३० वाजतां आपली वीज तोडली जाईल, अमुक नंबरवर संपर्क करा’ अशा निरोपांनीं पुष्कळ लोक घाबरले, आणि असे निरोप आमचे नव्हेत असें महावितरणास जाहीर करावें लागलें. जें स्थळ विचार करावयास पांच मिनिटें देत नाहीं, जें एखादी ‘एपीके’ फाइल मोबाईलवर उतरवून घेण्यास सांगतें, किंवा पैसे तुम्हांस मिळावयाचे असतांना तुमचाच यूपीआय पिन मागतें, त्याचें नांव वाचण्याचाही खटाटोप नको. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं.

आतां पालकांशीं चार शब्द. पुष्कळ घरांत असले सर्व अर्ज आठवी-नववींतील मुलगा किंवा मुलगीच भरते. मुलांचीं बोटें चपळ असतात हें खरें. पण चपळपणा म्हणजे पारख नव्हे, आणि घरच्या पैशाची जबाबदारी चौदा वर्षांच्या मुलावर टाकून आपण चहा पीत बसणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. शेजारीं बसावें. पत्ता मोठ्यानें वाचून घ्यावा. रक्कम व घेणाराचें नांव वडिलांनीं किंवा आईनें स्वतः पाहावें, आणि ओटीपी मुलानें नव्हे, मोठ्यांनीं भरावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एवढें करूनही कोणी फसलेंच, तर मूल तें सांगेल काय? ज्या घरांत ५०० रुपयांसाठीं चारचौघांत मानहानि होते, तेथें मूल गप्प बसतें. आणि चोरीचा पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जावयास फार वेळ लागत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं तत्काळ सांगावें. आणि पालकांनीं रागवावयाचेंच असेल तर आधीं १९३० हा नंबर फिरवावा. ही केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाची मदतवाहिनी आहे. पैसे मधल्या खात्यांत असतील तोंवर ते थोपवितां येतात. फोन करतांना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचें नांव हाताशीं ठेवावें, व त्याच दिवशीं ‘सायबरक्राइम.गव्ह.इन’ येथें लेखी तक्रारही नोंदवावी.