एक घर, तीन चुली

गेल्या महिन्यात कोकणातल्या एका नातलगांच्या घरी वाटणीसाठी बसण्याचा योग आला. चिऱ्याचे लांबट घर, वर कौले, समोर एकच पडवी आणि आत तीन चुली. वालिद आणि अम्मी दोघेही अल्लाहला प्यारे झालेले. मागे तीन भाऊ, दोन बहिणी. मोठे भाईजान सुरुवातीलाच म्हणाले, "घरे तीन आहेतच. घरपट्टीच्या पावत्याही तीन. आता वाटायचे काय राहिले?" बहिणी गप्प होत्या.

मूल्यमापन करणारे गृहस्थ आले. त्यांनी पावत्या बाजूला ठेवल्या, घराभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "यातली कुठली भिंत शेजाऱ्याच्या घराला लागून आहे का?" नव्हती. चारही बाजूंना मोकळी जागा. त्यांनी लिहिले: स्वतंत्र इमारत, एक, आत तीन कुटुंबांची राहणी.

आपला गोंधळ इथेच होतो. घर जोडघर ठरते ते शेजारच्या मिळकतीशी भिंत सामायिक असल्यामुळे. आत चुली किती, यावरून नव्हे. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नव्हे. म्हणजे जमीन आणि इमारत मिळून मिळकत एकच, आणि ती सगळ्या वारसांची. कर्ज आणि वसियत यांचा हिशेब आधी मिटवून उरलेल्याचे फराईजप्रमाणे आठ हिस्से: भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. समजा किंमत 64 लाख आली, तर प्रत्येक बहिणीचे 8 लाख होतात. बहिणी हिस्सा माफ करतात असे आपण सहज बोलतो. पण किती माफ करतोय हे तिला आधी सांगितले जाते का?

खरी अडचण पुढेच निघाली. आज स्वतंत्र असलेले हे घर तीन मालकांत उभे कापले, की तेच जोडघर होते. कडेच्या दोन भागांना तीन बाजूंनी उजेड-वारा. मधल्याला फक्त पुढून आणि मागून. कडेचा मालक एक भिंत तरी मोकळी ठेवतो, मधल्याच्या दोन्ही भिंती सामायिक. उद्या त्याला पाडून नवे बांधायचे झाले तर दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींचा आधार सांभाळावा लागणार. छपराचे पाणी कुणाच्या अंगणात पडणार, हाही प्रश्न आलाच. त्यामुळे तिन्ही भागांचे चौरस फूट सारखे असले तरी किंमत सारखी नाही. मधला भाग घेणाऱ्याला इतरांनी फरकाची रक्कम द्यायला हवी, आणि बहिणींचे पैसेही याच हिशेबातून निघायला हवेत. असे वाटप जमतच नसेल, तर 1893 च्या वाटणी कायद्याप्रमाणे कोर्ट घर विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकते. ती वेळ कुणालाच नको होती.

वाटणीचा दस्त लिहिताना सामायिक भिंत, पडवी, विहिरीची वाट, पन्हळ हे सारे नावानिशी लिहावे, नकाशा जोडावा आणि दस्ताची नोंदणी करावी. तोंडी समजुतीवर मुलांची पिढी भांडते, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे.

मधला भाग कुणी घ्यायचा, हे त्या दिवशी ठरले नाही. भाईजाननी मात्र पावत्या उचलून कपाटात ठेवल्या आणि धाकट्या बहिणीला विचारले, "तुझे काय म्हणणे आहे?" पुढची बैठक बकरी ईदनंतर आहे, तोवर नकाशा तयार करायचे ठरले आहे.